जुनं उगाळायला कुठे जायचं, मंत्रिमहोदय?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

गेल्या सोमवारी आमच्या सरकारी रुग्णालयात सांगितलं, ‘मॅडमचं कंत्राट संपलं. नवीन कधी येतील माहीत नाही. गोळ्या चालू ठेवा.’ मॅडम म्हणजे तिथल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, बोलून उपचार करणाऱ्या. लहानपणी घरातल्याच माणसाने माझं जे केलं, ते मी जन्मात पहिल्यांदा त्यांच्यापाशी बोलले होते. तेही अर्धंच.

आज मी बेचाळीस वर्षांची आहे. रात्री बाहेरून कुणी कडी वाजवली की दरदरून घाम फुटतो. नवऱ्याने मागून खांद्यावर हात ठेवला तरी किंचाळते. मुलगी घाबरते, तिला काय सांगू? त्या दिवशी डॉक्टरांनी केसपेपरवरून मान वर न करता विचारलं, ‘इतकं जुनं आता कशाला उगाळता?’ दार सताड उघडं, मागे रांग, रांगेत आमच्याच गल्लीतली बाई. ‘झोप लागत नाही’ एवढंच सांगून मी गोळ्या घेऊन परतले.

साहेब, यावर इलाज आहे. आघातावरची सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला मदत करणारा बोलून केलेला उपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत त्या आठवणी हाताळण्याची पद्धत) या उपचारांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्येच केली. पण ते एकाच विश्वासाच्या माणसासमोर, बंद दाराआड, आठवड्यामागून आठवडे करायचं काम आहे. 14416 ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन एखादी वाईट रात्र निभावून नेईल, पुढे काय? खासगीत एका बैठकीचे दीड-दोन हजार मागतात. शिवणकाम करणाऱ्या बाईने ते कुठून आणायचे?

केंद्राच्याच 2007 च्या पाहणीत निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं होतं. ती मुलं आता संसाराला लागली. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा 2012 चा, पीडितांना मदत करणारी राज्याची ‘मनोधैर्य’ योजना 2013 ची. आम्ही त्याआधी मोडलो, म्हणून आम्ही कुणाच्याच यादीत नाही का? इमारतींची उद्घाटनं होतात, कोनशिलेवर तुमची नावं झळकतात, आणि आत काम करणारं माणूस मात्र अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. शाळेत तेच, दवाखान्यात तेच. माणसावर खर्च करायचा म्हटलं की तिजोरी रिकामी!

मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017, कलम 18 वाचा. जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल, तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च शासनाने सोसायचा आहे. तसा अर्ज मी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे दिला आहे. त्याचं लेखी उत्तर मला हवं. आणि मॅडमची जागा कायमची भरा.

आपल्या राज्यातील एक रुग्ण