दोनशे दिवसांची रेघ

कोथरूड, पुणे

चि. सोन्या,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "आई, त्या विमा कंपनीचा शेअर दोनशे दिवसांच्या सरासरीच्या अठरा टक्के खाली आलाय, म्हणजे स्वस्त झालाय. तीन लाख टाकतो." मी तेव्हा नुसतं "बरं" म्हटलं. तू गर्दीत होतास आणि हे दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं. आज बाबा टेकडीवर गेलेत, घरात शांतता आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ती दोनशे दिवसांच्या सरासरीची रेघ म्हणजे काय ते बघ. मागच्या दोनशे सत्रांचे, म्हणजे बाजार चालू असलेल्या दिवसांचे, बंद भाव मिळवायचे आणि दोनशेने भागायचं, एवढंच. वर्षात बाजाराची अडीचशेच्या आतबाहेर सत्रं होतात, म्हणजे ही साधारण साडेनऊ-दहा महिन्यांची सरासरी झाली. रोज एक नवा भाव आत येतो आणि सर्वांत जुना बाहेर पडतो. आज भाव पडला तरी रेघ वर सरकू शकते, कारण बाहेर पडणारा दहा महिन्यांपूर्वीचा भाव आजच्यापेक्षा कमी असू शकतो. या बेरजेत कंपनीचा ताळेबंद कुठेच नाही. दहा महिन्यांत लोकांनी सरासरी काय मोजलं, तेवढंच ती सांगते. लोकांनी जास्त मोजलं असेल तर ती जास्तीचीच सरासरी.

हे मी स्वतः किंमत देऊन शिकले. २०२१ च्या शेवटी एका खासगी आयुर्विमा कंपनीचा शेअर असाच रेघेखाली आला होता. इतकी वर्षं शाखेत पॉलिसी सर्व्हिसिंगला बसून विमा मला कळतो असं वाटायचं, आणि रेघ खाली आहे म्हणजे भाव परत तिथवर जाणारच, असं धरून मी घेतले. भाव आणि रेघ पुढे खरोखरच भेटले. पण भाव वर गेला नाही, रेघ खाली आली. वर्षभर भाव खालीच राहिल्यावर जुने महागडे भाव एकेक करून बेरजेतून गळाले आणि सरासरी मुकाट्याने भावापाशी येऊन बसली. अंतर मिटलं आणि माझा तोटा जिथल्या तिथे राहिला. बाबांनी एका शब्दानेही विचारलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

नंतर मी बसून हिशेब केला तेव्हा चूक दिसली. मी घेतला त्या दिवशी तो शेअर रेघेखाली असूनही त्याच्या एम्बेडेड व्हॅल्यूच्या चौपटीहून महाग होता. हा आकडा मी पाहिलाच नव्हता.

एम्बेडेड व्हॅल्यू तुला उसावरून सांगते. लहानपणी मामाकडे दौंडला जायचास ना, तिथलाच ऊस. लागणीच्या वर्षी नांगरट, सऱ्या, बेणं, मजुरी, सगळा खर्च एकदम अंगावर येतो. पुढे खोडव्याला, म्हणजे त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, बेणं लागत नाही, खर्च कमी आणि ऊस तर येतोच. पॉलिसीचं तसंच असतं. विकली त्या वर्षी एजंटचं मोठं कमिशन, वैद्यकीय तपासण्या आणि नियमाने बाजूला ठेवायचा पैसा. नफा येतो तो पुढच्या वर्षांच्या हप्त्यांतून. म्हणून जोरात वाढणाऱ्या विमा कंपनीचा त्या वर्षीचा नफा बारीक दिसतो, आणि आपण इतर कंपन्यांना लावतो तो पीई (भाव भागिले शेअरमागचा वर्षाचा नफा) इथे फसवतो. आज विकून झालेल्या पॉलिसींतून पुढे जो नफा येईल तो आजच्या रुपयांत आणायचा, त्यात कंपनीची स्वतःची निव्वळ मालमत्ता मिळवायची, की झाली एम्बेडेड व्हॅल्यू. थोडक्यात, उभं पीक, येणारा खोडवा आणि घरातली शिल्लक. पुढच्या साली नवी लागण किती होईल ते त्यात धरलेलं नसतं, आणि बाजार जास्तीचे पैसे मोजतो ते त्या नव्या लागणीसाठी.

आता एलआयसी घे, तिचे आकडे सगळ्यांसमोर आहेत. मे २०२२ मध्ये ९४९ रुपयांना आयपीओ आला, १७ मे रोजी नोंदणी झाली. पहिले दोनशे दिवस तिला दोनशे दिवसांची रेघच नव्हती, असणार कुठून? ती उमटली साधारण मार्च २०२३ मध्ये, आणि भाव तिच्या खाली होता. महिनाअखेरीस तर तो ५३० च्या आसपास उतरला. त्याच ३१ मार्चची एम्बेडेड व्हॅल्यू नंतर जाहीर झाली ती ५,८२,२४३ कोटी. ६३२.५ कोटी शेअरनी भागलं की शेअरमागे सुमारे ९२० रुपये येतात. म्हणजे बाजार रुपयाच्या एम्बेडेड व्हॅल्यूला अठ्ठावन्न पैसे मोजत होता.

माझा शेअरही रेघेखाली होता आणि हाही. एकाला बाजार चौपट मोजत होता, दुसऱ्याला रुपयामागे साठ पैसेही नाही. रेघ दोघांबद्दल एकच गोष्ट सांगत होती.

पुढे मार्च २०२४ ला एलआयसीचा हा आकडा शेअरमागे सुमारे ११५० झाला आणि ऑगस्टमध्ये भाव १२०० च्या वर गेला. पण यावरून "एम्बेडेड व्हॅल्यूच्या खाली दिसलं की घे" असं मनात घेऊ नकोस. एलआयसीकडे शेअर बाजारातली गुंतवणूक प्रचंड आहे, त्यामुळे बाजार वर गेला की हा आकडा फुगतो आणि पडला की आक्रसतो. शिवाय २०२३-२४ मध्ये नव्या धंद्यावरचं तिचं मार्जिन (नव्या पॉलिसींच्या हप्त्यांमागे अपेक्षित नफा) १६.८ टक्के होतं, चांगल्या खासगी कंपन्यांचं पंचवीसच्या पुढे. आयपीओनंतरही ९६.५ टक्के शेअर सरकारकडे राहिले, ते कधी ना कधी बाजारात येणार हे सगळे जाणून आहेत. ती स्वस्त राहते याला कारणं आहेत. म्हणून तुझ्या कंपनीचं भाव आणि एम्बेडेड व्हॅल्यूचं गुणोत्तर तिच्याशी लावू नकोस. त्याच कंपनीला मागच्या पाच-सहा वर्षांत बाजाराने किती पट मोजलं ते काढ आणि आज किती आहे ते त्याच्या शेजारी मांड. दीर्घ सरासरी काढायचीच असेल तर नुसत्या भावाची काढू नकोस, या पटीची काढ. दहा महिन्यांत विमा धंद्याचं काही ठरत नाही रे, इथे पॉलिसीच वीस-वीस वर्षांची असते.

आणखी एक. १ फेब्रुवारी २०२३ चं बजेट आठवतंय? एप्रिलपासूनच्या नव्या पॉलिसींत एकूण वार्षिक हप्ता पाच लाखांवर असेल तर मुदतीनंतर हप्त्यांच्या वर मिळणारी रक्कम करपात्र होईल, असं त्यात आलं (युलिप, म्हणजे बाजाराशी जोडलेल्या पॉलिसींचा नियम वेगळा होता) आणि विमा कंपन्यांचे शेअर त्याच दिवशी कोसळले. दुसऱ्या दिवशीच्या सरासरीत जवळजवळ सगळे भाव जुन्या कायद्याच्या काळातले होते! मग १ ऑक्टोबर २०२४ पासून सरेंडरचे नियम बदलले, लवकर पॉलिसी मोडणाऱ्याला जास्त पैसे द्यावे लागू लागले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसींवरचा जीएसटी गेला, ग्राहकाला चांगलं झालं, पण कंपन्यांचं इनपुट क्रेडिटही (स्वतःच्या खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट) गेलं. अशा प्रत्येक वेळी रेघेला कळायला महिने लागतात. भाव तिच्या अठरा टक्के खाली का आहे, हे आधी शोध. घबराटीने पडला असेल तर गोष्ट वेगळी, कमाईच बदलली असेल तर जुनी सरासरी विसरायची.

माझ्या काउंटरवरची एक गोष्ट सांगते, ती मला या सगळ्यांपेक्षा मोठी वाटते. मार्चमध्ये कर वाचवायला पॉलिसी घेणाऱ्यांची झुंबड उडायची. पुढच्या मार्चला त्याच फायली मी काढायची, तर कितीतरी जणांचा दुसरा हप्ताच आलेला नसायचा. तीस दिवसांची सवलत संपायची, पॉलिसी बंद पडायची, मग आम्ही पुनरुज्जीवनाची पत्रं पाठवत बसायचो. एका बाईंनी नवरा गेल्यावर बंद पडलेली पॉलिसी माझ्यापुढे ठेवली होती. त्यांना काय सांगायचं ते मला सुचेना, अजूनही तो चेहरा डोळ्यांसमोर येतो. म्हणून कंपनीचे कागद उघडले की मी आधी तेराव्या आणि एकसष्टाव्या महिन्याचा पर्सिस्टन्सीचा आकडा बघते. शंभरातले किती हप्ते तिथवर टिकले, ते तो सांगतो. तो घसरत असेल तर खोडवा वाळतोय, आणि एम्बेडेड व्हॅल्यूत धरलेला पुढचा नफा कागदावरच राहणार.

मग रेघ टाकून द्यायची का? नाही. मी अजूनही बघते, पण किती घाई करायची हे ठरवायला. किंमत पटली आणि भाव घसरत्या रेघेच्या खाली असेल, तर मी एकदम पैसे टाकत नाही. तीन-चार तिमाहींत वाटून टाकते, दर तिमाहीचे निकाल वाचून पुढचा हप्ता. रेघ सपाट होऊन भाव तिच्यावर टिकला तर थोडं जास्त. यात अगदी तळाचा भाव हुकतो, हुकू दे.

तीन लाख तुझे आहेत, निर्णयही तुझा. फक्त घराच्या डिपॉझिटसाठी ठेवलेले तेच हे असतील तर त्यांना हात लावू नकोस. शनिवारपर्यंत त्या कंपनीची मागच्या पाच मार्चअखेरची एम्बेडेड व्हॅल्यू, शेअरची संख्या आणि एकसष्टाव्या महिन्याचे आकडे पाठव. वार्षिक अहवालात सगळं असतं. मी वहीत रकाने आखून ठेवलेत, रविवारी फोनवर दोघं मिळून भरू.

बाबा आले, चहा मागताहेत. डब्यातल्या चकल्या संपल्या असतील तर कळव.

तुझी,
आई