पोलादात हॉर्न टिकतो कुठं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत अल्ट्रासाऊंडने वितळलेल्या पोलादातला गॅस काढायची माहिती आली होती, बरं वाटलं, आम्हा ओतकामवाल्यांचं दुखणं कुणीतरी छापलं. पण त्यात ॲल्युमिनियम आणि पोलाद एकाच दावणीला बांधलंय ते काय पटलं नाही.

ॲल्युमिनियममध्ये हे चालतं, वादच नाही. साधारण ७०० डिग्रीचा रस, त्यात हॉर्न, म्हणजे थरथर रसात पोचवणारा दांडा, बुडवून सेकंदाला २० हजार वेळा थरथरवायचा, रसात बारीक पोकळ्या होतात, विरघळलेला हायड्रोजन त्यात शिरतो आणि बुडबुडे एकमेकांना चिकटून मोठे होत वर येतात.

पोलाद आम्ही ओततो १६०० च्या आसपास. टायटॅनियमचा हॉर्न घ्या, तो वितळतो १६६८ ला, म्हणजे कागदावर पास! पण वितळलेलं लोखंड त्याला खडीसाखरेसारखं विरघळवतं, गॅस काढायला गेलेला हॉर्नच रसात जमा आणि केमिस्ट्री बिघडली ती वेगळीच. सिरॅमिकचा लावला तर एकदम हीट बसून तडकायची भीती. मागं एकजण असलंच मशिन विकायला आला होता, त्याला विचारलं हॉर्न कशाचा, रसाच्या किती खेपा काढतो, तर म्हणाला कॅटलॉग मेल करतो. अजून करतोय.

शिवाय पोलादात नुसता हायड्रोजन नसतो. ऑक्सिजनला आम्ही लॅडलमध्ये, म्हणजे रस ओतायच्या भांड्यात, ॲल्युमिनियम टाकून पकडतो, तो नुसत्या थरथरीनं जाणारा नव्हे. मोठे प्लांट व्हॅक्यूम लावतात, पार १ मिलिबारपर्यंत खाली नेतात. हिशोब असा की रसावरचा हायड्रोजनचा दाब चौथाईवर आणला की रसात राहणारा हायड्रोजन निम्म्यावर येतो. छोट्या फाउंड्रीला ते झेपत नाही.

आमच्याकडं पिनहोलचं, म्हणजे गॅसच्या बारीक भोकांचं, रिजेक्शन वाढतं ते पावसाळ्यात. कास्टिंग लेथवर चढवलं, पहिला कट आरशासारखा, दुसऱ्याला टाचणीच्या टोकाएवढी काळी भोकं, आणि पार्टीचा फोन. गंजकं ओलं स्क्रॅप, नीट न भाजलेलं लॅडलचं अस्तर, हायड्रोजन तिथूनच येतो. बर्नर लावून लॅडल लाल होईपर्यंत भाजली की निम्मी कटकट जाते, हा माझा अनुभव.

संशोधन होऊ दे, हवंच आहे. फक्त पुढच्या वेळी धातू कुठला, हॉर्न कशाचा आणि किती मिनिटं टिकला तेवढं छापा.

– एक फाउंड्रीवाला, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर