रविवारचा केक, गुरुवारचा वाढदिवस

चि. सायली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुरुवारी अर्णवचा वाढदिवस आणि बुधवारी तू ऑफिसातून येणार रात्री नऊला, मग केक करायचा कधी? रविवारी कर आणि गोठवून ठेव. गोठवलेला म्हणजे शिळा, असं तुझ्या सासूबाई म्हणतील. म्हणू देत. आधी एक तुकडा खाऊ घाल, मग सांग कधीचा ते.

फक्त रविवारचा केक खाली फ्रीजमध्ये ठेवून गुरुवारची वाट बघू नकोस. उरलेला भात रात्रभर फ्रीजमध्ये राहिला की सकाळी कसा टणक होतो! भातातल्या स्टार्चमुळे होतं ते, आणि मैद्यातही स्टार्चच आहे. ४-५ अंशांच्या गारव्यात तो भराभर कडक होतो, ओट्यावर डब्यात झाकून ठेवलेल्या केकपेक्षाही लवकर. उणे १८ अंशांना मात्र हे सगळं जवळजवळ थांबतं. म्हणून ठेवायचा तर फ्रीजरमध्येच. तुमचा फ्रीज दोन दारांचा आहे, तेव्हा काळजी नाही. एका दाराच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यात आईस्क्रीमसुद्धा धड घट्ट राहत नाही, तिथे केकचं काय राहणार?

भट्टीतून काढलास की दहा मिनिटं टिनमध्ये, मग जाळीवर उलटा, आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. घाईने कोमट केक गुंडाळलास तर आतली वाफ प्लास्टिकला चिकटते, तिचा बर्फ होतो आणि सुटताना वरचा थर चिकट, ओलसर. गार झाल्यावर एकदा तळाशी तळहात लावून बघ. वरून थंड वाटला तरी मध्ये ऊब राहिलेली असते.

मग क्लिंग फिल्म. ओट्यावर लांब पसर, केक मधोमध ठेव आणि फिल्म अंगाला घट्ट बसव, कडेकडेने हात फिरवून आतली हवा काढत काढत. दुसरा थर आडवा. त्यावर ॲल्युमिनियमची फॉइल, नाहीतर झिपची पिशवी. एवढा खटाटोप हवेसाठी. उघड्या राहिलेल्या जागेतून केकमधल्या बर्फाची थेट वाफ होऊन जाते आणि तिथे तो पांढरट, कोरडा पडतो. पहिले दोन तास सपाट जागी ठेव, वर मटारची पिशवी नको, नाहीतर तिचा ठसा उमटेल. पिशवीवर तारीख घाल. दोन-तीन महिने चव छान राहते, तुला तर चारच दिवस हवा आहे.

आणि हो, लोणी वास फार पटकन ओढतं. तुझ्या फ्रीजरात सुरमईच्या तुकड्या असतात, सोडे असतात, सोललेला लसूणही. ते सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात आणि दुसऱ्या कप्प्यात जाऊ दे. बांगड्याच्या वासाचा व्हॅनिला केक पोरांना आवडायचा नाही.

गोठवायचा तो नुसता केक. लोण्याचा, तेलाचा, केळ्याचा, गाजराचा, कंडेन्स्ड मिल्कचा बिनअंड्याचा, सगळे चालतात. बटरक्रीमही गोठवता येतं. ताज्या दुधाच्या सायीचं फेटलेलं क्रीम मात्र फुटतं, कस्टर्ड पाणी सोडतं, ताजी स्ट्रॉबेरी लिबलिबीत होते. बाजारातलं व्हिपिंग क्रीम गोठलेलंच मिळतं, ते एकदा वितळलं की परत गोठवायचं नाही. तेव्हा सजावट गुरुवारची गुरुवारी.

बुधवारी रात्री झोपताना पुडा फ्रीजरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेव. (एवढ्या रात्रीने भातासारखी गत होत नाही, हळूहळू वितळतो तो थंडीत.) गुरुवारी सकाळी ओट्यावर ठेव, पण गुंडाळी सोडू नकोस. जुलै महिना आहे, हवा दमट किती, तू जाणतेसच. उघडलास की गार केकवर दव जमेल आणि वरचा थर भिजेल. गुंडाळी तशीच असली तर ते पाणी प्लास्टिकच्या बाहेर जमतं, फडक्याने पुसून टाकायचं. ओट्यावर दोन-तीन तासांत केक खोलीच्या तापमानाला येतो.

तुला दोन थरांचा हवा असेल तर एक सोय सांगते. केक अर्धवट गोठलेला असताना, म्हणजे फ्रीजरमधून काढल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने, सुरीने आडवा काप. चुरा जवळजवळ पडत नाही आणि कापही सरळ येतो. तेव्हाच पातळसा क्रीमचा पहिला हात मारून टाकला तर चुरा वरच्या थरात येत नाही. मी ऑर्डरी घेत होते तेव्हा सगळे केक असेच करायची. गरम गरम केक कापणाऱ्या बायकांचं मला नवल वाटायचं.

लोण्याचा केक वाढताना गार नको. लोणी फ्रीजमध्ये घट्ट होतं म्हणून तो कोरडा, जड लागतो. सजवून फ्रीजमध्ये ठेवलास तर कापायच्या तासभर आधी बाहेर काढ. तेलाचा केक गारही मऊ राहतो, म्हणून घाईच्या दिवशी मी तेलाचाच करते. मायक्रोवेव्हमध्ये अख्खा केक घालू नकोस, कडा शिजतात आणि मधला भाग तसाच राहतो. एखादा तुकडा मात्र दहा-पंधरा सेकंदांत छान मऊ होतो. उरलेला केक तुकडे करून, मध्ये बटर पेपर घालून गोठवायचा असेल, तर एवढंच बघ, एकदा वितळलेला केक परत फ्रीजरमध्ये टाकू नकोस. डब्यासाठी रविवारी जादाचा छोटा टिन लावून घे, त्याचे तुकडे वेगळे गोठव.

गुरुवारी किती मुलं येणार ते कळव. पंधराच्या वर असतील तर तुझा आठ इंची टिन पुरणार नाही, बाबा शनिवारी येताना माझा दहा इंची घेऊन येतील. त्याला वेळ मात्र जास्त लागतो, सुरी टोचून बघ.

तुझी,
आई