घर्षणाच्या नियमाला वेगाची मर्यादा आहे

महोदय,

माझी नात अकरावी सायन्सला आहे. मागच्या आठवड्यात तिच्या क्लासच्या चाचणीत 'चूक की बरोबर'मध्ये एक विधान होते: 'गतिज घर्षण पृष्ठभागांच्या वेगावर अवलंबून नसते.' गतिज घर्षण म्हणजे एकमेकांवर घसरणाऱ्या पृष्ठभागांमधले घर्षण. लहानपणापासून माझ्याकडून घाटातल्या गाड्यांच्या गोष्टी ऐकलेल्या पोरीने 'चूक' लिहिले आणि गुण गेला. एका गुणाचे काही नाही. पण हे वाक्य कसलीही मर्यादा न सांगता मुलांकडून पाठ करून घेतले जाते, याचे मला फार वाईट वाटते.

चौतीस वर्षे मी इंजिनावर काढली. आधी मालगाडी, मग पॅसेंजर, शेवटी मेल-एक्स्प्रेस. आमच्या काळात चाकावर बिडाचे ब्रेक ब्लॉक दाबले जायचे. नव्वदच्या वेगात ब्रेक लावला तर गाडी लवकर ऐकायची नाही. वेग उतरू लागला की दाब तेवढाच, ब्लॉक तेच, पण पकड वाढत जायची. म्हणून प्लॅटफॉर्मच्या शेवटच्या टप्प्यात 'ए-नाइन'चे, म्हणजे गाडीच्या ब्रेकचे, हँडल थोडे थोडे सोडत आणावे लागे. तसेच धरून ठेवले तर गाडी उभी राहताना असा हिसका बसे, की पिशव्या घेऊन दारात आलेली माणसे एकमेकांवर आदळत. नव्या असिस्टंटला मी आधी हेच सांगायचो, 'थांबायच्या आत सोड.'

याचे आकडे मला भुसावळच्या ट्रेनिंगमध्ये एका मास्तरांनी फळ्यावर लिहून दाखवले होते. ब्रिटिश इंजिनिअर कॅप्टन डग्लस गॅल्टन यांनी एअर ब्रेकवाले जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्यासह १८७८ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रायटनकडच्या रेल्वेमार्गावर खास डबा चालवून हे मोजले होते. बिडाचा ब्लॉक आणि पोलादी चाक यांचा घर्षणांक (दाबाच्या किती पट घर्षण, तो आकडा) ताशी ९७ किलोमीटरला सुमारे ०.०७, ताशी १६ ला ०.२४ आणि गाडी थांबता थांबता ०.३३. म्हणजे चौपटीहून जास्त फरक! वेगात ब्लॉक आणि चाक जिथे खरोखर टेकतात ते बारीक उंचवटे तापून मऊ पडतात आणि पकड ढिली होते, असे मास्तर सांगत.

कसारा घाटात चढ-उतार ३७ ला १ आहे. इगतपुरीहून भरलेली मालगाडी खाली न्यायची तर ब्रेक आधी धरायचा, वेग अंगावर येऊ द्यायचा नाही. वेग वाढला की पकड सुटते, पकड सुटली की वेग आणखी वाढतो, आणि मग ड्रायव्हरच्या हातात काही उरत नाही. म्हणूनच तिथे कॅच साइडिंग, म्हणजे ताबा सुटलेली गाडी अडवण्यासाठी बाजूला काढलेले रूळ, आहेत. गाडी तिथे उभी राहून ताब्यात असल्याचे दाखवते, मगच पुढचा रस्ता मिळतो. रात्री मागे वळून पाहिले की चाकांपाशी ठिणग्यांची माळ दिसे. जळक्या लोखंडाचा तो वास अजून माझ्या नाकात आहे.

पावसात गोष्ट उलटी व्हायची. वेग कमी झाल्यावर ब्लॉकने चाक जास्त आवळले की चाक फिरायचेच थांबे, ओल्या रुळावरून घसरे आणि त्याला फ्लॅट, म्हणजे झिजून सपाट झालेला डाग, पडे. मग पुढे मैलोन्‌मैल ठकठक ऐकत जायचे.

हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या कूलोम यांनी फ्रान्समध्ये अठराव्या शतकात टेबलावर वजने लावून घसरपाट ओढले. तेवढ्या हळू वेगाला हा नियम बऱ्यापैकी लागू पडतो, आणि शाळेतला लाकडी ठोकळाही तसाच वागतो. नियम टाकून द्या असे मी म्हणत नाही. आता बिडाऐवजी कॉम्पोझिशन (मिश्र पदार्थांचे) ब्लॉक आले, नव्या एलएचबी डब्यांना डिस्क ब्रेक आहेत आणि त्यांची पकड वेगाबरोबर इतकी बदलत नाही. पण ते करावे का लागले, हे मुलांना कधी सांगणार?

क्लासचालकांना आणि पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. त्या नियमाखाली 'कमी वेगांपुरते' एवढे तरी छापा, आणि जमले तर गॅल्टन यांचे हे तीन आकडे द्या. नातीच्या वहीत मी ते लिहून दिले आहेत. ती वही घेऊन उद्या सरांकडे जाणार आहे.

– एक निवृत्त मेल-एक्स्प्रेस चालक, इगतपुरी