ड्रायरला उष्णता कुठून द्यायची?

प्रिय सदानंद,
सप्रेम नमस्कार.

ड्रायरसाठी लाकूड घ्यावं, गॅस की वीज, असं तू विचारलंस. इंधन ठरवण्याआधी दोन गोष्टींचा हिशेब मांड: माल किती तापमान सोसतो आणि त्यातलं किती पाणी काढायचं आहे.

तुझ्या औषधी पानांचंच बघ. १०० किलो ओल्या पानांत ८० टक्के पाणी धरलं आणि ती १० टक्क्यांवर आणायची म्हटली, तर हाती २२ किलो माल येतो. उरलेल्या ७८ किलो पाण्याची वाफ करायची. ५० अंशांच्या आसपास एका किलोला जवळपास ०.६६ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते, म्हणजे सगळे मिळून ५१ युनिट. तेही काहीच वाया गेलं नाही तर! खरी गळती असते ती बाहेर सोडलेल्या गरम, दमट हवेत. लोक बर्नरकडे बघत बसतात, त्या हवेकडे कुणी बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सुगंधी पानांना ४०-५० अंश पुरे. त्यावर गेलं की तेल उडतं. मग बॉयलर किंवा थर्मिक फ्लुइड (खूप तापवून नळ्यांतून फिरवलेलं तेल) कशाला? गॅसची ज्योत थेट हवेत सोडली तर किलोभर एलपीजीमागे दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं आणि ते त्याच हवेत मिसळतं. लाकूड घेतलंसच तर हीट एक्स्चेंजर, म्हणजे धूर वेगळा ठेवून फक्त त्याची उष्णता हवेला देणारं साधन, हवाच, नाहीतर पानांना धुराचा वास लागेल. आणि लाकूड वाळलेलं हवं. ओला ओंडका भट्टीत टाकला की त्याच्या टोकांतून फेस येतो, तो चुरचुरत राहतो आणि हवेचं तापमान खाली येतं. आधी तो स्वतःच वाळत असतो ना!

माझं मत विजेवर चालणाऱ्या हीट पंपाला. तो दमट हवा थंड करून तिच्यातलं पाणी गाळतो आणि वाफेत अडकलेली उष्णता त्याच हवेला परत देतो. नळीतून पडणारं पाणी बादलीत धरून मोजता येतं, हे मला फार आवडतं. विक्रेत्याला सीओपी (एका युनिट विजेमागे किती युनिट उष्णता मिळते तो आकडा) विचारू नकोस. ड्रायर पूर्ण भरलेला असताना विजेच्या एका युनिटमागे किती किलो पाणी निघतं, ते लेखी माग. नुसत्या हीटरला दीड किलो गाठणंही शक्य नाही, चांगला हीट पंप मात्र दोनच्या आसपास जातो. शेवटी पानांत पाणी कमी उरलं की हा आकडा घसरतो, म्हणून पूर्ण बॅचचाच आकडा घे. वीज जात असेल तर पर्यायी व्यवस्था ठेव, अर्धवट वाळलेली पानं लगेच काळी पडतात.

ऑर्डर देण्याआधी थोडी पानं ४५ अंशांना आणि थोडी ५५ अंशांना वाळवून बघ. दोन्हींची वजनं, लागलेला वेळ आणि वासातला फरक मला कळव. त्यावरून मशीनचा आकार काढू.

तुझा,
विनय