जिरेटोपातलं अंडं

प्रिय उल्ल्या,

चवथीनंतर फोन करतो म्हणालो आणि केला नाही, शिव्या भेटल्यावर घाल. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच. घरात सांगितलं तर कोणी हसत नाही, पुंडलिकला सांगितलं तर म्हणाला कापून शागोती कर. तुलाच कळेल. आपल्या नाटकाच्या ट्रंकेत, त्याच जिरेटोपात, माझी एक तलंग, नुकतीच अंड्यावर आलेली कोंबडी, अंडं घालतेय. एकदा चुकून नव्हे रे, ठरवून, तिथेच.

तब्येत ठीक. शुगर आहे तिथेच आहे.

शिगम्यानंतर मी ग्रामप्रियाची पिल्लं आणली होती ना, हैदराबादला तयार केलेली जात, तपकिरी अंडं देते, गावठी म्हणून खपतं. पोसून मोठी केली. श्रावण संपता संपता तुरे लाल झाले, आणि पाठीवरून हात नेला की पंख पसरून खाली बसायला लागल्या. असं बसल्या की समजायचं, आता अंडं लांब नाही. आणि मुहूर्त बघ, घरात गणपती यायची तयारी, अंड्याचं नावसुद्धा काढायचं नाही, आणि बाईसाहेबांनी नेमकं तेव्हाच सुरू केलं! सगळी अंडी शेजारच्या फ्रान्सिसकडे. त्याने चवथीला नेवऱ्या मागून नेल्या त्या वेगळ्याच.

खोके मी आधीच करून ठेवले होते. फणसाच्या फळ्या, फूटभर लांब, फूटभर रुंद, चार-पाच कोंबड्यांना एक या हिशोबाने, खाली भाताचं तण, म्हणजे पेंढा. आणि रात्री बसायची दांडी खोक्यांच्या वर बांधली, कारण कोंबडी झोपायला जी उंच जागा दिसेल ती धरते, खोका उंच असला तर खोक्यातच झोपणार आणि सकाळी तण घाण. सगळं शास्त्रशुद्ध. आणि या कुठे अंडी घालतात? एक केळीच्या बुंध्यात, एक सरपणाच्या मागे, दोघी-तिघी खुराड्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जमिनीवर. जमिनीवरचं अंडं पायाखाली फुटतं, मग चोच लागते, आणि एकदा स्वतःच्या अंड्याची चव कळली की ती सवय मोडणं महाकठीण. बाहेरचं मुंगूस नेतं. मी सकाळभर ओंडके उचलून खाली बघत फिरतो, शोभा म्हणते तुम्ही पूर्वी विड्या लपवायचात तेव्हा मी अशीच फिरायचे.

तिचं आणि माझं यावरून चांगलंच वाजलं. ती म्हणते, आमच्या आईच्या कोंबड्या मुकाट रोवळीत जाऊन बसायच्या, त्यांना कोणी शिकवलं होतं? अगं, त्यांना आईने शिकवलं होतं! तुझ्या आईने नाही, त्यांच्या आईने. खुडूक कोंबडीखालची पिल्लं मोठ्यांच्या मागे फिरतात, म्हातारी कुठे बसते ते बघतात. माझी मशीनमध्ये उबलेली, बल्बखाली वाढलेली, घरात एकही जुनी कोंबडी नाही. त्यांनी बघायचं कोणाकडे, माझ्याकडे?

तर शिकवायचं काम माझ्यावर आलं. कोंबडीला अंधार हवा, आडोसा हवा, आणि आधी कोणीतरी तिथे अंडं घालून गेलंय असं दिसलं पाहिजे. म्हणून खोट्या अंड्यांचा शोध. प्लास्टिकचं हलकं, लाथेसरशी बाहेर. शेवटी सावंतवाडीहून आणलेली ती लाकडी फळं आठवली, शोकेसमधली, त्यातली लिंबं काढून पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवली. शोभाला शोकेसमध्ये डाळिंबाशेजारी भोक दिसतंय, त्याचं ती वर्षभर ऐकवणार. पण चाललं! दरवाजा आता दहापर्यंत बंद, कारण बहुतेक अंडी सकाळीच पडतात, बाहेर सोडल्याच नाहीत तर केळीत जाणार कशा? अंधाऱ्या कोपऱ्यांत चिरे रचले. तरी कोणी जमिनीवर घातलंच तर तेवढ्यात उचलायचं, नाहीतर दुसरी ते बघून तिथेच बसते. हळूहळू एकेक खोक्यात जाऊ लागली, तण चिवडते, लिंबू चोचीने पोटाखाली ओढते, आणि अंडं झालं की बाहेर येऊन जो आरडाओरडा, आपल्या बापू मास्तरांच्या एण्ट्रीसारखा. फक्त एक सोडून.

ती एक म्हणजे लंगडी. तिला बाकीच्या टोचतात म्हणून गोठ्यात वेगळी ठेवली होती, आणि चवथीच्या साफसफाईत शोभाने माळ्यावरची ट्रंक तिथेच नेऊन टाकलेली, झाकण मोडकं. आत राजवस्त्रं, वर टोप उलटा. तूच सांग, अंधार आहे, आडोसा आहे, बुडाखाली मखमल आहे, ती फणसाच्या फळीवर का येईल? बरोब्बर मावते रे त्यात. तू तेव्हा सगळ्या गावाला सांगत होतास ना की माझं डोकं टोपापेक्षा लहान, म्हणून तो नाकावर येतो आणि राजाचा पार्ट तुला पाहिजे होता. घे, तिसरा उमेदवार निघाला. आणि हिचं डोकं तर लिंबाएवढंही नाही. (टोप नाकावर यायचा तो आतलं कापड कुणीतरी काढलं होतं म्हणून. कुणी, ते मला आजही माहिती आहे.)

हसू नकोस, अडचण खरी आहे. गावातली पोरं यंदा जत्रेला पुन्हा नाटक बसवतायत, दसऱ्यानंतर तालमी, ट्रंक मागायला आली होती. मी म्हटलं उद्या या. मग परवा. आता सांगू काय, राजा अंड्यावर आहे? तिला उठवून खोक्यात ठेवली तर ती अंडं अडवून धरते आणि संध्याकाळी गोठ्याचं दार उघडलं की पळत ट्रंकेकडे. अंडं तयार व्हायला चोवीस तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून तिची वेळ रोज पुढे सरकते, मध्ये एक दिवस खाडा, मी पाळत ठेवून बसणार कधी?

काल ट्रंकेतला तुझा शेला काढला, वजिराचा, जांभळा. फाडला नाही, घाबरू नकोस. गोठ्यात तिच्या उंचीचा एक खोका ठेवला, तोंडावर तो पडद्यासारखा लावला, आत एक लिंबू. ट्रंक मात्र अजून हलवली नाही, झाकणावर चिरा ठेवलाय. आज सकाळी तिने पडदा बाजूला करून आत डोकं घातलं, बराच वेळ बघितलं, आणि माझ्याकडे बघून निघून गेली. उद्या बघू.

बाकी तुझं काय? बिल्डरने जागा दिली का रे शेवटी? वहिनींचा मोतीबिंदू उरकला असेल. बंट्याला नोकरी लागली ते शोभाच्या व्हॉट्सॲपवरून कळलं, तू सांगितलं नाहीस, पण मीही कुठे फोन केला.

पोरांना तालमीला कोणीतरी शब्द सांगणारं हवंय, मी तुझं नाव देऊन टाकलंय. मांडवी एक्स्प्रेसचं तिकीट काढ, थिवीला उतर, स्कूटर घेऊन येतो. फक्त मागे बसून गाडी कशी चालवायची ते शिकवायचं नाही.

तुझाच,
शाबा