यंदा वाढपी दुसरे

कोल्हापूर,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय बंड्या,

तुझं पत्र आणि सोबतचं आपल्या कार्यकर्त्यांच्या शिबिराचं वेळापत्रक, दोन्ही मिळालं. वेळापत्रक आधी वाचलं आणि एवढा हसलो की बायको आतून विचारत आली, काय झालं. लेका, 'पहाटे साडेपाच : उठणे व व्यायाम'! आमच्यातली निम्मी माणसं रोज त्याच्या आधी उठलेली असतात. एकाचं दूध डेअरीत पोचलेलं असतं, दोघी डबे करून मोकळ्या झालेल्या असतात, आणि शिरोली एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारा आपला पठ्ठ्या अंघोळ उरकून गाडीला किक मारत असतो. त्यांना डोंगरात नेऊन पुन्हा साडेपाचलाच उठवायचं असेल तर न नेलेलं बरं. दोन दिवसांत सात सत्रं, मध्ये पंधरा मिनिटं चहा, शेवटी अभिप्रायाचा फॉर्म. तुझ्या कंपनीत चालत असेल. मी तो कागद चार घड्या घालून टेबलाच्या पायाखाली ठेवलाय. टेबल हलायचं थांबलं. रागावू नकोस.

तू लिहिलंयस, शिबिराचा हेतू आधी एका वाक्यात लिहून काढ. काढतो: कार्यकर्त्यांनी एकदा बसून जेवावं.

तुला थट्टा वाटेल, म्हणून मे महिन्यातली गोष्ट सांगतो. पोरांचं उन्हाळी शिबिर, 64 मुलं, शेवटचा दिवस. दुपारचे तीन वाजले असतील. पंगती उठल्या होत्या, पोरं आंब्याखाली लोळत होती. मी स्वयंपाकाच्या शेडकडं गेलो तर आपल्या सिस्टर पातेल्याशेजारी उभ्या. हातात उलथनं, भाताची खरवड काढून तिथंच उभ्यानं खात होत्या. आमटी संपलेली, म्हणून खरवडीवर मीठ आणि थोडं कच्चं तेल. फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात, कुणाच्या तरी आईला सांगत होत्या, "हो हो, जेवला तो, दोनदा भात घेतला." मी विचारलं, तुमचं? म्हणाल्या, "हे काय, चाललंय की." मीही 'बरं' म्हणून पुढं गेलो. सतरंज्या मोजून परत द्यायच्या होत्या. जूनच्या अखेरीला त्यांचा निरोप आला, यंदा जमणार नाही. घरचं कारण सांगितलं, ते खरंही असेल. पण मला ती खरवडच दिसते.

त्या रात्री मी सगळ्या शिबिरांचे फोटो काढून बसलो. पोरांच्या पंगतीचे तर किती! आपली माणसं वाढताना आहेत, पत्रावळ्या उचलताना आहेत, एकजण झाडाला टेकून झोपलेलाही आहे. ताटावर बसलेला एकही नाही. मी स्वतःसुद्धा नाही, पण माझं सोड, मी चोरून मिसळ खाऊन आलेला असतो.

मग लक्षात आलं, आपल्या गटाचा जन्मच वाढण्यात झालाय. 2019 चा ऑगस्ट आठव. शिरोलीपाशी महामार्ग पाण्याखाली, ट्रकांच्या रांगा, चिखली-आंबेवाडीची माणसं शाळांच्या वर्गांत आणून ठेवलेली. आपण गेलो होतो खिचडी वाटायला. तिसऱ्या दिवशी पोरं कंटाळून भांडायला लागली म्हणून तू फळ्यावर खडूनं वाघ काढलास आणि त्याला शेपूट कुठं लावायची यावर अख्खा वर्ग बोंबलला. पूर ओसरला, पण पोरं काही आपल्याला सोडेनात. दोन वर्षांत पुन्हा पूर. आता तर राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला टेकली की आमची फोनाफोनी सुरू होते, आणि 43 ची धोका पातळी येईपर्यंत मोठी पातेली बाहेर निघालेली असतात. कुणी सांगावं लागत नाही. पण त्याच माणसांना 'बसा' म्हटलं तर बसता येत नाही. गेल्या वर्षी आपण 31 होतो. आता 22.

तर जागा. पन्हाळा सगळ्यांच्या डोक्यात पहिला आला. वीसेक किलोमीटर, सगळ्यांच्या ओळखीचा. पण 2025 च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत जे 12 किल्ले गेले त्यात पन्हाळाही आहे, आणि शनिवार-रविवारी तीन दरवाजापाशी आता धड उभं राहायला मिळत नाही. चार पावलं टाकली की 'या साहेब, गरम झुणका-भाकर'. जोतिबाचा डोंगर रविवारी नकोच, देवाचा वार. दाजीपूर मला फार आवडतं, पण 80 किलोमीटर, रात्री रस्त्यात गवा उभा राहिला तर तो ठरवणार आपण कधी निघायचं ते. आणि सोमवारी पहिल्या पाळीला जाणाऱ्याची हाडं खिळखिळी होतील.

शेवटी आपल्या खजिनदाराच्या मामांचं शेतघर ठरलंय, पन्हाळ्याच्या पलीकडं, मसाई पठाराच्या अंगाला. ही वाट तुला पाठ आहे. 1660 च्या जुलैत महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडं गेले ती, आणि दर जुलैत पदभ्रमंतीला आपण तिथं पाणी आणि केळी घेऊन उभे असतो. चालणारे दुसरे, आपण केळीवाले! एवढ्या वर्षांत आपल्यातले कितीजण ते पठार स्वतः सावकाश चाललेत, विचारून बघितलं. पाचजण निघाले. पठार आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तेव्हा वर चूल नाही, शेकोटी नाही, स्पीकर तर नाहीच. जे काय पेटवायचं ते मामांच्या अंगणात.

तारीख जानेवारीतला दुसरा शनिवार. बँकवाल्या दोघांना सुट्टी, आणि पौष असल्यानं कुणाच्या चुलतभावाचं लग्न मध्ये यायची भीती नाही. (पौषाचा एवढा उपयोग मला या वयात कळला.) थंडी मात्र असणार. प्रत्येकानं आपापली वाकळ आणायची, सतरंज्या मामांकडं आहेत.

एक धोका तुला कागदावर दिसला नसेल. तेव्हा गळीत हंगाम जोरात असतो. अंधार पडला की उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर, मागं धड दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि उसाचे शेंडे दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले. म्हणून दुचाकीवरून कुणी यायचं नाही. शनिवारी तीनला सगळ्यांनी गंगावेशीत जमायचं, दोन गाड्या, उजेडात वर. उशीर होणाऱ्यांना आणायला मी स्वतः जाणार, चारचाकीनं. यावर वाद घालणाऱ्याला आधीच सांगितलंय, घरी झोप.

आता खरी डोकेदुखी: संडास. हसू नकोस. मामांकडं दोन आहेत, माणसं आपण 22 आणि मदतीला सहाजण. बायका घरी सांगतात 'बरं नाही वाटत', त्यातलं अर्धं कारण हे असतं. एक फिरता भाड्यानं ठरवलाय. माणशी दिवसाला 40 लिटर पाणी धरलं तर हजाराची टाकी एका दिवसाला पुरत नाही, म्हणून दुसरी टाकी शुक्रवारीच भरून ठेवायची. बायकांची झोपायची खोली वेगळी, आतून कडी लागणारी. ती कडी मी जाऊन ओढून बघितली, ढिली होती, बदलायला सांगितलीय. विंचू-सापासाठी बॅटऱ्या, रात्री पायात बूट, आणि कुणाला काही चावलंच तर मांत्रिक नाही, दोरी आवळणं नाही, एक गाडी तोंड वळवून उभी आणि थेट कोल्हापुरात सीपीआर रुग्णालय.

आणखी एक अडचण होती. ज्यांची पोरं लहान आहेत त्या तिघी म्हणाल्या, पोरांना कुठं टाकून येऊ? घेऊन या म्हणावं तर त्या तिथंही पोरांच्या मागं पळणार, म्हणजे घरचंच काम चढावर. दोघींच्या नवऱ्यांना मी जाऊन भेटलो. एकजण लगेच 'व्हय' म्हणाला. दुसरा म्हणाला, "दोन दिवस मी एकटा?" मी म्हटलं, ती सात वर्षं आमच्या 60 पोरांना एकटी बघतीय. गप्प बसला. तिसरीची सासू येऊन राहणार आहे.

पैसे. समितीतल्या एका ज्येष्ठांनी बैठकीत विचारलं, "याचा अहवाल काय देणार? मोठ्यांच्या सहलीला वर्गणी?" कडू बोलले, पण प्रश्न चूक नव्हता. पोरांसाठी दिलेला पैसा याला लावायचा नाही, हे मी तिथंच लिहून दिलं. प्रत्येकी 500 रुपये कार्यकर्त्यांचे, ज्याला जड जाईल त्यानं खजिनदाराच्या कानात सांगायचं, आणि उरलेलं आपण जुनी खोंडं भरायची. तुझ्या नावावर मी 3000 लिहिलेत. विचारायचं राहून गेलं.

जेवणाचं ऐक, कारण यात मी सगळ्यात जास्त वेळ घातलाय. शनिवारी रात्री तांबडा-पांढरा करायचा असं एकमतानं ठरलं, आणि लगेच तिघांनी हात वर केले: शनिवार धरतो, मारुतीचा. मग रविवारी दुपारी करू म्हटलं. दोघं म्हणाले, आमचा रविवार, जोतिबा. माझ्या वडिलांच्या भाषेत, आठवड्यातले वार देवांनी वाटून घेतले आणि आचाऱ्याला कायबी ठेवलं नाही. शेवटी शनिवारी रात्री सगळ्यांना अख्खा मसूर, भाकरी, खर्डा, दही आणि मामांच्या गुऱ्हाळावरची ताजी काकवी. रविवारी दुपारी सहा किलो मटण, आणि जोतिबावाल्या दोघांना भरली वांगी. पांढऱ्या रश्श्यात काजू किती आणि खसखस किती यावर दोन गट पडलेत, त्यात मी पडलेलो नाही.

कार्यक्रम म्हणशील तर फार थोडा. शनिवारी जेवण झाल्यावर अंगणात शेकोटीभोवती बसायचं आणि प्रत्येकानं एकच सांगायचं: या वर्षी कुठं चिडलो. कामाचं कौतुक कुणी करायचं नाही. आपल्याकडं बैठक म्हटली की हारतुरे सुरू होतात आणि चिडलेला माणूस टाळ्या वाजवून घरी जातो, तो परत येत नाही. रविवारी सकाळी ज्याला वाटेल त्यानं पठारावर चालायला जावं, नसेल वाटत त्यानं झोपावं. नाश्त्यानंतर दीड तास आपल्या वकीलबाई. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा 2012 चा आहे, तरी आपल्यातल्या निम्म्यांना वाटतं की आधी खात्री करून घ्यायची, घरच्यांशी बोलायचं, मग पुढचं. मुलावर असा अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी नुसती शंका आली तरी कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हाच गुन्हा, हे त्यांना वकिलाच्या तोंडून ऐकू दे. 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये तिथंच बसून साठवायचा. कुठल्या मुलाबरोबर बंद खोलीत एकट्यानं थांबायचं नाही, हेही. हे एक काम मी मुद्दाम ठेवलंय, कारण याची भीती सगळ्यांच्या पोटात आहे आणि कुणी बोलत नाही. बाकी मटण, झोप, आणि चारला परतीची गाडी.

वाढणार कोण, हे तुझ्या मनात आलं असेल. आपली पहिली पोरं. तेव्हा सातवीत असलेली आता कॉलेजात आहेत. सहाजणांना बोलावलंय. तुला तो आठवतो का, ज्यानं शाळेतल्या वर्गात दोन दिवस खिचडीला हात लावला नव्हता, मांजर घरी राहिलं म्हणून? तो परवा येऊन म्हणाला, "सर, मटणाचं मी बघतो. तुम्ही आत यायचं नाही." केटरिंगला जातो म्हणे सुट्टीत. मी म्हटलं, मीठ? म्हणाला, "सांगितलं की, आत यायचं नाही."

पण मला आपली माणसं माहीत आहेत. पहिली भाकरी ताटात पडली रे पडली की कुणीतरी उठणार, 'मी घेते गं वाढायला', आणि तिच्यामागं सगळ्याच. तर तुझं सत्र हे: शनिवारी रात्री आठ ते नऊ, स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायचं आणि जो उठेल त्याला परत ताटावर पाठवायचं. तुझ्याएवढा आडदांड माणूस दुसरा नाही आपल्यात, शिवाय तू मुंबईचा झालायस, तुझं वाईट कुणाला वाटणार नाही.

शुक्रवारी रात्री महालक्ष्मी पकड. सकाळी स्टेशनवर मी असेन. आधी मिसळ, मग घरी येऊन झोप काढ, तीनला निघू.

सिस्टरना मी विचारलंय. 'बघते' म्हणाल्या. आपल्याकडं 'बघते' म्हणजे काय ते तुला माहीत आहे. तू एक फोन कर त्यांना, शिबिराचं काढू नकोस, नुसतं बोल.

तुझा,
दादू

ता.क. वकीलबाईंच्या सत्राला तू कायद्याचे जे मुद्दे काढले होतेस ते त्यांना पाठवायचे होते, म्हणून कागद टेबलाखालून काढला. टेबल परत हलतंय.